व्याडेश्वर ते कनकादित्य : मे महिन्यातल्या पायी यात्रेची आखणी

माझे वडील, म्हणजे अण्णा, एस.टी.त वाहक होते. नोकरीची सुरुवातीची वर्षे गुहागर आगारात आणि पुढची सारी रत्नागिरी आगारात गेली. त्यांच्या मागे राहिलेल्या वस्तूंत एक जाड पुठ्ठ्याची वही आहे. तिच्यात गावांची नावे एकाखाली एक लिहिलेली असून प्रत्येक नावासमोर टप्प्याचा आकडा आहे. एस.टी.चे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर आकारले जाते, त्यामुळे ती वही म्हणजे आमच्या किनाऱ्यावरच्या अंतरांचा हाताने लिहिलेला कोशच आहे. काही नावांपुढे अण्णांनी लहानशी फुली केली होती. त्या फुल्या देवळांच्या गावांवर आहेत हे माझ्या लक्षात फार उशिरा आले. गाडी थांब्यावर दोन मिनिटे उभी राहायची, तेवढ्यात ते कळसाला हात जोडायचे, घंटी मारायचे आणि पुढे जायचे. निवृत्तीनंतर एकदा या सगळ्या देवळांना पायी जायचे, असे ते आईला सांगत असत. ते राहून गेले.

२०२४ च्या फेब्रुवारीत माघी गणेश जयंतीला आम्ही गणपतीपुळ्याला गेलो होतो आणि तीन दिवसांनी रथसप्तमीच्या उत्सवासाठी कशेळीला कनकादित्याच्या देवळात होतो. परतताना पावसच्या अलीकडे गणेशगुळ्याचा फाटा लागला तेव्हा काकांनी आमच्याकडे पूर्वापार सांगितले जाणारे वाक्य म्हटले, की गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला. मग थोडे थांबून म्हणाले, "देव गेला त्या वाटेने आपण एकदा चालूया की रे. अण्णाचंही होईल." काका तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते आणि त्यांच्या पंढरीच्या सात पायी वाऱ्या झालेल्या होत्या. त्यामुळे हे बोलणे हवेतले नव्हते. घरी पोहोचल्यावर मी वही काढली, गुहागरच्या व्याडेश्वरापासून कशेळीच्या कनकादित्यापर्यंतचे टप्पे मांडले, समुद्रालगतच्या पायवाटा आणि खाडी ओलांडण्याची ठिकाणे हिशेबात धरली आणि सव्वाशे ते दीडशे किलोमीटरच्या मधला आकडा हाती आला.

पहिला प्रश्न महिन्याचा होता. ज्याला विचारावे तो म्हणे, मे महिन्यात कोणी चालते का, मार्गशीर्षात जा. सल्ला चुकीचा नव्हता, पण मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे आणि मार्गशीर्षात दहा दिवसांची रजा मला मिळणे शक्य नाही. दिवाळीच्या सुट्टीत भातकापणी आणि झोडणी असते, घरातला एकही माणूस मोकळा नसतो, आणि ज्यांच्या दारात जाऊन रात्रीपुरती जागा मागायची तेही शेतात असतात. आषाढात काका पंढरीला जातात. उरला मे. त्याच महिन्यात कोकणातले प्रत्येक घर भरलेले असते. मुंबई-पुण्याचे चाकरमानी मुलाबाळांसह आलेले असतात, आंब्याची काढणी आणि पेट्या भरण्याची घाई चालू असते, वर्षाच्या सत्यनारायणाच्या पूजा याच दिवसांत होतात आणि पुळ्यापासून गुहागरपर्यंतची निवासस्थाने पर्यटकांनी महिना-दोन महिने आधी धरून ठेवलेली असतात. त्यातच विहिरींचे पाणी तळाला गेलेले असते. या सगळ्याचा विचार केल्याशिवाय निघालो असतो तर आम्ही ज्या ज्या दारात उभे राहिलो असतो, त्या त्या घराला भारच झालो असतो. म्हणून फेब्रुवारी ते मे असे तीन महिने मी आखणीला दिले, आणि मनापासून सांगतो, की ते तीन महिने मला यात्रेइतकेच मोलाचे वाटतात.

तारखा ठरवताना मी प्रथम शाळेचे वेळापत्रक पाहिले. सुट्टी २ मेपासून होती. पण लोकसभेच्या निवडणुकीचे मतदान आमच्याकडे ७ मेला होते, आणि शिक्षकाला निवडणुकीचे काम म्हणजे आदल्या दिवशी यंत्रे घेऊन केंद्रावर जाणे आणि दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा साहित्य जमा करून घरी येणे. म्हणजे ८ मेच्या आधी निघणे नव्हतेच. दुसरे टोक पावसाने बांधलेले होते. आपल्याकडे मोसमी पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर येतो, पण मेच्या उत्तरार्धात समुद्राचा भरवसा राहत नाही. २०२१ मध्ये तौक्ते वादळ मेच्या मध्यालाच आमच्या किनाऱ्याजवळून गेले होते आणि २०२० चे निसर्ग वादळ ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर धडकले होते. तौक्तेच्या वेळी आमच्या आवारातली दोन कलमे मुळासकट पडली, ती मी विसरू शकत नाही. तेव्हा काहीही झाले तरी २० मेच्या आत कशेळी गाठायची, असे ठरले.

या दोन टोकांमधले दिवस मात्र शाळेने किंवा सरकारने नव्हे, चंद्राने निवडले. ज्यांना किनाऱ्याने चालायचे आहे त्यांच्यासाठी हा भाग मी सविस्तर लिहितो. मे महिन्यात डांबरी रस्ता सकाळी नऊलाच पायाला भाजू लागतो, म्हणून जिथे पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, आहे तिथे ओल्या, घट्ट वाळूवरून चालणे हाच उत्तम मार्ग असतो. ती ओली वाळू ओहोटीलाच मिळते. भरतीला पाणी पार सुरूच्या झाडांपर्यंत येते आणि उरते ती कोरडी भुसभुशीत वाळू, जिच्यावर पाऊल घोट्यापर्यंत रुतते आणि एक किलोमीटरला तीन किलोमीटरचा दम लागतो. भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे : तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटे. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पुरती ओहोटी. हे गणित मांडल्यावर लगेच दिसते, की अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे तीन-चार दिवस पहाटे पाच ते सकाळी नऊ या वेळात पाणी खाली असते, आणि उन्हाळ्यात चालायची वेळही नेमकी तीच. शिवाय ते उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी जितके वर चढते तितकेच दूर मागे जाते आणि पुळण रुंद होते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही.

पंचांग उघडले तर ८ मेला अमावास्या संपत होती. निवडणुकीचे काम ७ ला रात्री संपणार, ८ ला संध्याकाळी गुहागरला पोहोचायचे आणि ९ मेला पहाटे निघायचे. दुसरा दिवस अक्षय्य तृतीयेचा. इतके जुळून आले, की काकांनी पंचांगाला हात लावून नमस्कार केला. दिशाही याच हिशेबाने ठरली. लांब पुळणी आमच्या वाटेच्या पहिल्या अर्ध्या भागात, गुहागरपासून पुळ्यापर्यंत आहेत, आणि रत्नागिरीच्या दक्षिणेला चढउताराचा रस्ता जास्त. म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे निघायचे, म्हणजे उधाणाच्या ओहोटीचे दिवस पुळणींवर खर्च होतील आणि तिथी पुढे सरकून पहाटेची भरती येऊ लागेपर्यंत आपण रस्त्याला लागलेले असू.

कागदावरचे हे गणित एकदा पायांनी तपासावे म्हणून ११ एप्रिलला, रमजान ईदच्या सुट्टीच्या दिवशी, मी आणि पत्नी वाऱ्यापासून काळबादेवीच्या बाजूला चालून पाहायला गेलो. तृतीया होती, म्हणजे सव्वादोनची भरती आणि साडेआठच्या सुमाराची ओहोटी. मी समजलो, ओहोटी साडेआठला आहे तर आठला निघावे. पाणी खूप दूर गेलेले होते, वाळू सिमेंटसारखी घट्ट होती, आणि चालण्याच्या आनंदात साडेदहा कधी वाजले ते कळले नाही. परतताना सकाळी पाऊलभर पाण्यातून ओलांडलेला पऱ्या, म्हणजे ओहळ, मांडीपर्यंत भरलेला होता आणि त्याचा प्रवाह उलटा, आत वाहत होता. पत्नीचा हात धरून मी कसाबसा पार झालो. पिशवी भिजली, फोन थोडक्यात वाचला. पलीकडे जाळे विणत बसलेल्या एका वयस्कर नाखव्याने आम्हाला आधी बसवले, पाणी दिले आणि मग समजावले, की ओहोटीची वेळ म्हणजे चालायला लागायची वेळ नव्हे, संपवायची वेळ. पाणी उतरत असताना त्याच्या मागे मागे चालावे. पुरते उतरले की तासाभरात पुळण सोडावी. "मास्तर, घड्याळ नका बगू," ते म्हणाले, "वाळूची वली रेग बगा. रेग वर सरकाय लागली, की तुमी पण वर सरका." पाणी चढत असेल तर शेवटच्या लाटेने सोडलेली ओली रेघ तिच्या आधीच्या रेघेला झाकते आणि उतरत असेल तर जुन्या रेघा वर तशाच उघड्या राहतात, हे त्यांनी बोटाने दाखवले. माझे सारे बालपण समुद्राच्या आवाजात गेले, पण ही गोष्ट मी त्या दिवशी शिकलो. त्या संध्याकाळी वेळापत्रकातली प्रत्येक पुळण दोन तास आधी सरकवली आणि जिथे पऱ्या किंवा खाडीचे मुख मध्ये येते तिथे रस्त्याने वळसा लिहिला.

रोज किती चालायचे, यावर घरात थोडे बोलणे झाले. आम्ही पाच जण होतो : मी, पत्नी, काका, डोंबिवलीची माझी चुलत बहीण म्हणजे आमची ताई, आणि तिचा बारावीची परीक्षा दिलेला मुलगा. भाच्याला रोज तीस किलोमीटर हवे होते. काकांनी शांतपणे सांगितले, की वारीत चाल सर्वांत धिम्या माणसाच्या पायाने ठरते. शेवटी अण्णांच्या मापाने ठरवले : रोज जास्तीत जास्त तीन टप्पे, आणि त्यातले दोन सकाळी साडेआठच्या आत. पहिला मुक्काम वेळणेश्वर, दुसरा हेदवी, तिसऱ्या दिवशी तवसाळहून फेरीबोटीने खाडी ओलांडून जयगड, चौथा मालगुंड, पाचव्या दिवशी पुळ्याचे दर्शन घेऊन नेवरे, सहावा रत्नागिरी म्हणजे घर, सातवा पावस, आठवा दिवस विश्रांतीचा, नववा गावखडी आणि दहाव्या दिवशी कशेळी. यात्रेत विश्रांतीचा दिवस कशाला, असे ताईला वाटले होते. पण दहा दिवसांच्या आखणीत एकही मोकळा दिवस न ठेवणे म्हणजे कोणी आजारी पडणारच नाही असे गृहीत धरणे, आणि अडुसष्ट वर्षांच्या माणसाला सोबत घेऊन मला तसे गृहीत धरायचे नव्हते.

पुळे मी मुद्दाम सोमवारी ठेवले. ११ मेला विनायकी चतुर्थी होती आणि तोच शनिवार होता. चतुर्थीला आणि शनिवार-रविवारी मंदिराबाहेर रांग किती लांब असते आणि किनाऱ्यावरच्या रस्त्याला गाड्यांमुळे चालायलाही जागा कशी उरत नाही, हे आम्ही दरवर्षी पाहतो. चतुर्थीलाच पुळ्याला पोहोचावे असे पत्नीच्या मनात होते आणि तिची ती इच्छा मला मोडावीशी वाटत नव्हती. मग तोड निघाली. चतुर्थीच्या पहाटे आम्ही हेदवीत असणार होतो, तेव्हा त्या दिवशीचे दर्शन दशभुज गणेशाचे घ्यायचे आणि पुळ्याला सोमवारी सकाळी निवांत पोहोचून पायाखालच्या लाटांचा आवाज ऐकत टेकडीची प्रदक्षिणा करायची. तिला ते पटले.

मुक्कामांचा प्रश्न सर्वांत अवघड होता आणि त्याने मला सर्वांत जास्त शिकवले. मार्चमध्ये मी फोन करायला घेतले. भक्तनिवासांतून आणि घरगुती निवासांतून एकच उत्तर येई, की मे महिना भरलेला आहे. एका ठिकाणी खोली मिळाली, हजार रुपये आगाऊ पाठवले, आणि निघण्याच्या चार दिवस आधी तिथून फोन आला, की गाडी घेऊन येणारे एक कुटुंब चार दिवस राहणार असल्याने खोली त्यांना दिली आहे. पैसे परत मिळाले, पण मनाला लागले. पायी येणाऱ्याला उशिरा नकार दिला तर तो पुढच्या गावात गाडीने जाऊ शकत नाही, हे त्या गृहस्थांच्या लक्षात आले नसावे. तेव्हापासून मी प्रत्येक मुक्कामाच्या गावात दुसरी जागाही बोलून ठेवू लागलो.

वाट मोकळी केली ती पत्नीच्या मावशीने. त्यांचे घर वेळणेश्वराजवळ आहे. मी फोनवर चाचरत विचारले, की तुमच्याकडे मुंबईची मंडळी असतील, पाच जणांची सोय होईल का. त्या म्हणाल्या, "जावईबापू, घरात पाय ठेवायला जागा नाही. पण अंगण काय कोणी मुंबईला नेलंय? मे महिन्यात आम्हीच सगळे अंगणात निजतो. तुम्ही पाच जण काय जड आहात?" मी खोल्या शोधत होतो, आणि कोकणातल्या घराची मे महिन्यातली निजायची खरी जागा म्हणजे ओटी, पडवी आणि मांडवाखालचे सारवलेले अंगण, ही मला चाळीस वर्षे माहीत असलेली गोष्ट मी विसरलो होतो. त्यानंतर मी 'खोली आहे का' हा प्रश्न सोडला आणि 'पडवीत पथारी टाकू का, आणि तुमच्या विहिरीला पाणी कितपत आहे' असे दोन प्रश्न विचारू लागलो. दुसऱ्या प्रश्नाने माणसे लगेच मोकळी होत. एका सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, वाडीने स्पष्ट सांगितले, की मेमध्ये आम्हाला टँकरचे पाणी असते, निजायला या पण आंघोळी आदल्या गावात करून या. मला हा स्पष्टपणा फार आवडला. आम्ही नियम केला : जिथे पाणी कमी तिथे माणशी एक कळशी, त्याहून अधिक नाही, कपडे धुणे फक्त रत्नागिरीत आणि पावसला, आणि जेवण शक्यतो आमचे आम्ही करायचे किंवा यजमानांच्या घरी शिधा आधी पोहोचता करायचा. मुक्कामाचे पैसे कोणी घेणार नव्हते. म्हणून राहण्यासाठी जितका खर्च झाला असता तेवढी रक्कम त्या त्या गावच्या देवळाच्या पेटीत टाकायची, हे काकांनी सुचवले.

ताईच्या तिकिटाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण अनेकांना ती उपयोगी पडेल. कोकण रेल्वेचे मे महिन्याचे आरक्षण आमचा बेत ठरण्याआधीच भरून गेले होते. तेव्हा आरक्षण १२० दिवस आधी उघडत असे, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्याची तिकिटे जानेवारीतच गेली. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली आहे, त्यामुळे आता मेचा बेत मार्चच्या आरंभी पक्का असला पाहिजे. ताई आणि भाचा शेवटी रात्रीच्या एस.टी.ने आले. ती गाडीही मतदानाला गावी चाललेल्या आणि सुट्टीला निघालेल्या लोकांनी गच्च भरलेली होती.

आमच्याकडच्या उन्हाचा स्वभाव ज्यांनी घाटावर दिवस काढले आहेत त्यांना चटकन उमगत नाही. पारा विदर्भासारखा पंचेचाळीसला जात नाही, चौतीस-पस्तीसच्या आसपास राहतो, आणि म्हणून माणूस गाफील होतो. पण हवा इतकी दमट असते, की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. काकांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून आमच्या डॉक्टरांकडे दोनदा जाऊन त्यांनी किती पाणी आणि किती मीठ घ्यावे हे लिहून घेतले. बाकीच्यांसाठी लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे साधे प्रमाण ठेवले, आणि पत्नीने कोकमाचे आगळ बाटलीत घेतले. सकाळी निघताना पोटात मऊभात किंवा पेज, बरोबर मेतकूट आणि लोणच्याची फोड. तळलेले काही नाही. साडेनऊ ते साडेचार सावलीत पडून राहायचे आणि संध्याकाळी जमल्यास शेवटचे तीन-चार किलोमीटर. पाठीवरचे ओझे माणशी पाच किलोच्या आत, ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून. भाच्याने आणलेले जाड तळव्यांचे नवे बूट मी मार्चपासून वापरायला लावले आणि तरी वाळूसाठी जुनी पट्ट्याची चप्पल वेगळी घ्यायला लावली, कारण खारट ओल्या मोज्यात अडकलेली वाळू अर्ध्या तासात कातडे सोलते. रात्री निजताना पायांना खोबरेल, ही काकांची शिस्त.

एक काम मला अगदी शेवटी सुचले, आणि सुचले नसते तर अडचण झाली असती. आमच्या किनाऱ्यालगत आंब्याच्या बागा आहेत आणि काढणीच्या दिवसांत त्यांत रात्रभर राखण असते. राखणदार बहुतेक नेपाळहून आलेले असतात, कुत्री सोबत असतात, आणि पहाटे साडेचारला बागेच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून विजेरी घेऊन चालणारे पाच अनोळखी लोक पाहून त्यांनी हाकाटी केली तर त्यांचे काहीच चुकले नसते. म्हणून ज्या वाड्यांतून अंधारात जायचे होते तिथल्या ओळखीच्या बागायतदारांना मी तारीख आणि वेळ कळवून ठेवली. चालताना काका हरिपाठ मोठ्याने म्हणत राहिले. त्यामुळे आम्ही दिसण्याआधी आमचा आवाज पोहोचत असे, आणि एक-दोन राखणदारांनी तर गडग्यापाशी येऊन हात जोडले.

८ मेला संध्याकाळी व्याडेश्वरापुढे नारळ ठेवला तेव्हा मला निवडणुकीच्या दोन रात्रींची झोप बाकी होती. तरीही ९ ला पहाटे पावणेपाचला आम्ही गुहागरच्या पुळणीवर उतरलो. अंधारात पाणी दिसत नव्हते, फक्त मागे जाताना त्याचा आवाज वाळूत मुरत होता. भाच्याने विजेरी खाली धरली आणि ओल्या रेघा मोजल्या : एकाखाली एक तीन रेघा उघड्या होत्या, पाणी उतरत होते. काकांनी पायातली चप्पल हातात घेतली आणि ते पुढे झाले.

पुढचे दिवस आखणीप्रमाणे गेले असे म्हणता येईल, दोन बदल सोडून. हेदवीला संध्याकाळी वळवाची सर आली आणि अंगणातल्या पथाऱ्या आवरून आम्ही सारे यजमानांच्या पडवीत दाटीने बसून राहिलो. त्या घरची मुंबईहून आलेली मुलेच आम्हाला चहा आणून देत होती. दुसरा बदल तवसाळला. धक्क्यावर गाड्यांची रांग वर वळणापर्यंत गेलेली पाहून मला वाटले, दुपार इथेच जाणार. पण पायी जाणाऱ्याला रांग नसते. तिकीट काढून आम्ही गाड्यांच्या कडेने चढलो आणि ठरवल्यापेक्षा दीड तास आधी जयगडला उतरलो. तो वाचलेला वेळ आम्ही दुसऱ्या दिवशी कऱ्हाटेश्वराच्या देवळापाशी घालवला. पाऊलभर अंतरावर खारा समुद्र आणि गोमुखातून गोड पाण्याची धार. चार दिवस पाणी मोजून वापरल्यामुळे त्या धारेखाली ओंजळ धरताना ताईच्या डोळ्यांत पाणी आले.

पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपाशी दुपारचा प्रसाद घेऊन आम्ही विश्रांतीला थांबलो. भाच्याच्या टाचेला फोड आला होता, काकांचे पाय मात्र ठणठणीत होते. विश्रांतीच्या दिवशी संध्याकाळी गणेशगुळ्याला जाऊन आलो. पुळ्याला ठेवलेल्या जास्वंदीतले एक फूल काकांनी तीन दिवस ओल्या फडक्यात जपले होते. ते पार कोमेजले होते, पण त्यांनी ते गुळ्याच्या देवापुढे ठेवले आणि काही न बोलता बराच वेळ उभे राहिले.

१८ मेला सकाळी कशेळीला कनकादित्यासमोर पोहोचलो तेव्हा देवळाच्या लाकडी खांबांमधून ऊन आत येऊ लागले होते. पुजाऱ्यांनी विचारले, कुठून आलात. काका म्हणाले, "गुहागराहून. चालत." पुजाऱ्यांनी आधी आम्हाला बसायला सांगून गूळपाणी आणवले, मग तीर्थ दिले. मी अण्णांची वही पिशवीतून काढून गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर टेकवली.

दुपारच्या एस.टी.ने परत निघालो. वाहकाने यंत्रातून रत्नागिरीची पाच तिकिटे काढली आणि काकांना ज्येष्ठ नागरिकाचे अर्धे तिकीट दिले. मी वहीतले टप्पे आणि तिकिटावरचे टप्पे जुळवून पाहिले, एका ठिकाणी फरक होता, तो पेन्सिलीने लिहून ठेवला. गावखडीचा पूल आला तेव्हा दशमीची ओहोटी लागलेली होती आणि खाडीच्या मुखाशी वाळूचा पट्टा उघडा पडत चालला होता. भाचा खिडकीतून वाकून रेघा मोजत होता.